अभ्यासिकेतली बसण्याची व्यवस्था

माणसानं कुठे बसावं हे त्याच्या आईबापापेक्षा आणि खुद्द त्याच्यापेक्षाही ज्याला जास्त कळतं, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्यानं मला नेमकं चुकीच्या जागी बसवलं. त्यापायी माझी एम.एस्सी. जाता जाता राहिली. तरीही त्या माणसाबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी आजही भांडायला उठते. भांडायला मला फारसं निमित्त लागत नाही हे खरं, पण या बाबतीत मी मनापासून भांडते.

यवतमाळात एका बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर आमची अभ्यासिका होती. खाली वंदना चालायची, वर अभ्यास. विहार वस्तीतल्या लोकांनी बांधलेला, पण अभ्यासिका सगळ्यांना खुली. कोण कुठल्या समाजाचा, कुठल्या कॉलेजचा, हे तिथे कुणी विचारत नसे. कळंबची, फुलसावंगीची, पुसदची, दारव्ह्याची अशी जिल्हाभरातली पोरंपोरी तिथे लांबलचक टेबलांवर डोकी खाली घालून बसलेली असायची, आणि त्यांच्यामधून एक उंच, किडकिडीत, गळ्यात मफलर गुंडाळलेला माणूस हात मागे बांधून फिरत असायचा. हे आमचे पीएचडीवाले भाऊ. त्यांना नाव होतं, पण ते वापरायची वेळ कुणावर आली नाही. दूधवालासुद्धा "पीएचडीवाले भाऊ आहेत का वरते?" असंच विचारायचा. अभ्यासिका सांभाळायला त्यांना कुणी नेमलं नव्हतं. ते स्वतःच्या अभ्यासाला म्हणून तिथे आले, दुसऱ्यांचा अभ्यास कसा चाललाय ते बघत राहिले, आणि मग बसायचं विसरूनच गेले.

त्यांचा प्रबंध मानसशास्त्रातला. "विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक स्वास्थ्यावर परिणाम करणारे व्यक्तिमत्त्वाचे घटक" हे नाव ते एका दमात, न अडखळता, भाजीवाल्यालाही सांगायचे. भाजीवाल्यानं पुढे विचारलं नाही तरी अर्थही सांगायचे. एकच कॉलेज, तेच मास्तर, मेसमधली तीच पातळ दाळ. मग एक पोरगा फुलतो आणि त्याच्या शेजारचा सुकतो, असं का, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तरही त्यांनी शोधून ठेवलं होतं. "माणसाच्या अंगात पाच नळ असते," ते म्हणायचे. "एक काळजीचा, एक चिकाटीचा, एक कुतूहलाचा, एक बोलण्या-मिसळण्याचा आन एक दुसऱ्याचं ऐकून घ्यायचा. कोणाचा धो धो वाह्यते, कोणाचा ठिबकते. परीक्षा सगळ्याईची एकच, पण पाणी ज्याचं त्याचं वायलं." यवतमाळच्या माणसाला नळाची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. कुठल्या गल्लीत कधी पाणी येतं आणि कुठल्या गल्लीत येतच नाही, याचा प्रत्येकाला पक्का अनुभव असतो. त्यामुळे भाऊंचं शास्त्र आमच्या गळी पटकन उतरलं.

नवा मुलगा किंवा मुलगी आली की भाऊ आधी त्यांच्या चपला बघायचे. विहाराच्या पायऱ्यांशी चपला काढाव्या लागत, आणि भाऊ वरच्या खिडकीत उभे राहून ते दृश्य एखाद्या डॉक्टरनं नाडी बघावी तसे बघत. एक चप्पल इकडे, एक तिकडे उडवणारा चिकाटीत कच्चा. काढून पुन्हा मागे वळून बघणारा काळजीत पक्का. दुसऱ्याची चप्पल सरळ करून मग आपली काढणारा भला माणूस, पण तो मित्रांच्या नोट्स उतरवून देता देता नापास होणार. त्यानंतर वर बोलावून प्रश्न. मार्क किती, हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही. "गजर वाजला का उठतं, का बंद करून पुन्हा झोपतं? पेपर हातात आला का पह्यले येणारा प्रश्न पाह्यतं का न येणारा? मैत्रिणीले तुह्यापेक्षा जास्त मार्क पडले त त्या दिवशी जेवण जाते का?" पोरं गोंधळायची, हसायची, आणि खरी उत्तरं देऊन बसायची. मग भाऊ डोळे मिटून थोडा विचार करत आणि बोटानं जागा दाखवत. ती जागा पुढे बदलत नसे.

आणि त्यांच्या जागा लागूही पडायच्या, हे मान्य करायला हवं. पुसदकडचा एक मुलगा होता, त्याला सगळ्याचीच काळजी. पेपर अवघड येईल याची काळजी, आणि सोपा आला तर सगळ्यांनाच सोपा येईल याचीही काळजी. भाऊंनी त्याला दाराजवळची जागा दिली आणि अभ्यासिकेची किल्ली त्याच्या हवाली केली. झालं, पुढे तो फक्त किल्लीची काळजी करू लागला. बाकीच्या सगळ्या काळज्यांना त्याच्याकडे वेळ उरला नाही. कळंबची एक मुलगी स्वतःच्या पुस्तकापेक्षा शेजारणीच्या पुस्तकाकडे जास्त बघायची, ती किती पानं पुढे गेली म्हणून झुरायची. तिला भाऊंनी भिंतीकडे तोंड करून बसवलं. भिंतीवर एक कॅलेंडर होतं, तेही काढून टाकलं, कारण ती त्याच्याकडे बघून झुरायला लागली होती. एक झोपाळू गडी होता. त्याला अशा ठिकाणी बसवलं की येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी त्याच्या डोक्याला लागे. तो पहिल्या वर्गात पास झाला आणि भाऊंसाठी पेढे घेऊन आला, तेव्हाही पेंगतच होता.

अभ्यासिकेत एकच गुन्हा होता. "तुझं किती झालं?" हा प्रश्न कुणी कुणाला विचारायचा नाही. ज्यांनी परीक्षेचा अभ्यास केला आहे त्यांना माहीत आहे की हे तीन शब्द धडधाकट माणसाला कसे आडवे पाडतात. आपण समाधानानं दोन प्रकरणं संपवून चहाला बाहेर आलेलो असतो, कुणीतरी सहज विचारतं, आणि आपल्याला कळतं की त्याची चार झाली. विचारणाऱ्याला भाऊ खालच्या हातपंपावरून पाणी आणून माठ भरायला लावत. आमचा माठ कधी रिकामा राहिला नाही. या कायद्याचा सगळ्यात जास्त फायदा खुद्द भाऊंनाच होता, कारण त्यांचा प्रबंध किती झाला हे विचारायची आमच्यापैकी कुणाची टाप नव्हती.

परीक्षेच्या दिवसांत तर भाऊ आमच्याहून जास्त दमायचे. फुलसावंगीच्या एका मुलाला पेपरच्या आधी हमखास उलटी व्हायची. भाऊ त्याच्याबरोबर केंद्रापर्यंत पायी जात आणि वाटभर मुद्दाम काहीतरी बिनबुडाचं बोलत. फुलसावंगीला कापूस चांगला होत नाही, तिकडची माती हलकी, तिकडच्या माणसाले शेतीतलं काई समजत नाई, असं. शेतकऱ्याचंच पोरगं ते. त्याला इतका राग यायचा की भाऊंशी वाद घालता घालता तो वर्गात जाऊन बसायचा आणि उलटीची आठवण त्याला पेपर सुटल्यावर यायची. तो गेला की भाऊ रस्त्याच्या कडेला उभे राहून स्वतःशीच पुटपुटायचे, "माती चांगली आहे रे बाप्पा त्यायची. माफ करजो." एवढ्या मायेनं दुसऱ्याला राग आणणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आता माझं सांगते. मी कोलाम. मुकुटबनपासून आत आमचं पोड आहे. पोड म्हणजे आम्हा कोलामांची वस्ती. घरात कोलामी, बाजारात तेलुगू आणि मराठी, असं बोलत मी मोठी झाले. मोठी झाले म्हणजे बोलत बोलतच मोठी झाले. आमच्याकडे मी कुणाला हाक मारली की दोन घरं सोडून तिसऱ्या घरचा माणूस बाहेर यायचा. दहावीचा अभ्यास मी आईला सांगून केला. ती अंगणात बांबूच्या टोपल्या विणायची, मी समोर बसून तिला सजीवांचं वर्गीकरण कोलामीत समजावून सांगायची, आणि तिनं "मग हे बेडूक इकडे कसं आलं?" असं विचारलं की मला उत्तर शोधावं लागायचं. माझ्या डोक्यात गोष्ट तोंडावाटे जाते. न बोलता वाचलेलं माझ्यात राहत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण तेव्हा तसं वेगळं काढून बघायची गरजच पडली नव्हती. पोडावरून एम.एस्सी.पर्यंत गेलेली मी पहिली. माझ्या मागे आश्रमशाळेत शिकणाऱ्या चार-पाच मुली होत्या, आणि त्यांचे आईबाप माझं काय होतं याच्याकडे डोळे लावून बसले होते. मी पास झाले तर त्या पुढे शिकणार होत्या. मी तशीच परत आले तर त्यांचाही रस्ता बंद होता.

अभ्यासिकेत पहिल्या दिवशी आले, आणि खालच्या दारातच दोन मुलांना विचारलं, इथे बसायला कुणाची परवानगी लागते. माझी मराठी बरोबर होती, चाल वेगळी होती. वाक्याच्या शेवटी माझा आवाज वर चढतो. आमच्याकडे सगळ्यांचाच चढतो. ती दोघं हसली. एकानं माझ्यासारखाच आवाज काढून दुसऱ्याला तेच वाक्य म्हणून दाखवलं. मुलं वाईट नव्हती, त्यातल्या एकानं पुढे मला पुस्तकंही दिली. पण त्या क्षणी माझे कान तापले आणि मी ठरवलं की इथे तोंड उघडायचं नाही. हे सगळं दारात झालं, आणि भाऊ तेव्हा खिडकीत होते. त्यांनी माझ्या चपला पाहिल्या होत्या. मी त्या सगळ्यांपासून लांब, भिंतीच्या कोपऱ्यात, एकमेकींना चिकटवून ठेवल्या होत्या, कारण चपला नव्या होत्या आणि यवतमाळवर माझा विश्वास नव्हता. भाऊंनी त्याचा फार खोल अर्थ काढला. मग प्रश्न झाले. मी प्रत्येकाला फक्त मान हलवली. भाऊंनी डोळे मिटले, उघडले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे पोरगी आतल्या आत राह्यणारी आहे. हिचा बोलायचा नळ बसोलाच नाई देवानं. हिले कोणी तरास देऊ नका."

मला अभ्यासिकेतली सगळ्यात चांगली जागा मिळाली. लोखंडी कपाटाच्या मागे, खिडकीशी, बाहेर कडुनिंब. त्या जागेसाठी लोक वर्ष वर्ष थांबलेले होते, पण भाऊंचा शब्द म्हटल्यावर कुणी कुरकुरलं नाही. उलट सगळ्यांनी तो इतक्या निष्ठेनं पाळला की काय सांगू. माझ्याजवळून जाताना लोक बोलणं थांबवायचे. चहा आला की कप माझ्या टेबलावर अलगद टेकवून पाऊल न वाजवता निघून जायचे. एकदा धीर करून मी दारव्ह्याच्या एका मुलीला हळूच म्हटलं, "ताई, खोडरबर आहे का?" तिनं अख्खा कंपास माझ्या हातात दिला, आपण आवाज केला म्हणून ओठावर बोट ठेवून माफी मागितली, आणि चवड्यांवर निघून गेली. असे सगळे भले लोक. त्यांच्यातल्या एकालाही बोल लावायला जागा नव्हती, आणि तेच फार जड होतं. वसतिगृहातल्या माझ्या खोलीतल्या मुली शिक्षण संपवून गेल्या होत्या, तिथेही मी एकटीच. सकाळपासून झोपेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलले नाही, असे दिवस यायला लागले. कधी कधी मी मेसच्या मावशींना उगाच भाजीचं नाव विचारायची. ते नाव मला माहीत असायचं.

तिसऱ्या सत्राचा निकाल लागला आणि माझे दोन विषय राहिले. भाऊंना फार वाईट वाटलं. काहीतरी चुकतंय हे त्यांना कळलं, आणि ते दुरुस्त करायला त्यांनी मनापासून मेहनत घेतली. बाजारपेठेतल्या कूलरच्या दुकानातून एक मोठं खोकं मागून आणलं, ते कापलं, आणि माझ्या टेबलाच्या उघड्या राहिलेल्या बाजूला पुठ्ठ्याची आडभिंत उभी केली. कडांना टोचू नये म्हणून वरून चिकटपट्टी लावली. "आता तुले अजून शांत वाटीन," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी मान डोलावली. मग आत जाऊन बसले आणि पुठ्ठ्यावर छापलेल्या कूलरच्या चित्राकडे बघत रडले. इतक्या प्रेमानं कोंडलेल्या माणसानं तक्रार तरी कुणाकडे करायची?

उन्हं तापायला लागली तेव्हा मी पिशवी भरली आणि घरी गेले. शेवटच्या सत्राची परीक्षा जवळ येत होती. आईला म्हटलं, तिथे माझ्याशी कुणी बोलत नाही. आई म्हणाली, मग इथे राहा. इतकंच. बाबा तर खूशच झाले. मी नव्हते तेव्हा घर फार गप्प असतं, असं त्यांचं म्हणणं. मी दोन दिवस झोपले आणि तिसऱ्या दिवसापासून जी बोलत सुटले ती थांबले नाही. फक्त आश्रमशाळेतल्या मुली सुट्टीत घरी आल्या की मी पाणी आणायच्या निमित्तानं दुसऱ्या वाटेनं निघून जायची. त्यांच्या आयांनी मला काहीच विचारलं नाही, आणि त्यांनी काय ठरवलं असेल ते मला माहीत होतं.

इकडे अभ्यासिकेत काय झालं ते मला नंतर कळलं. पुठ्ठ्यामागे मी आहे की नाही, हे काही दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. चहाचा कप नेहमीसारखा ठेवला जायचा आणि तसाच उचलला जायचा. ही मुलगीच शांत, चहा न पिण्याइतकी शांत, असं लोकांनी समजून घेतलं. शेवटी किल्लीवाल्या मुलाला काळजी वाटली. त्यानं पुठ्ठ्यावरून डोकावून पाहिलं आणि भाऊंना सांगितलं. भाऊ वसतिगृहात गेले, गावाचं नाव शोधून काढलं, आणि दुसऱ्या दिवशी मफलर गुंडाळून, खांद्याला प्रबंधाची कापडी पिशवी लावून एसटीत बसले. वणीहून दुसरी गाडी धरून ते मुकुटबनला उतरले तेव्हा तिथे आठवडी बाजार होता, आणि त्या बाजारात आईशेजारी तिच्या टोपल्या आणि सुपं मांडून मी बसले होते.

बसले होते म्हणजे उभी होते आणि ओरडत होते. एक बाई सूप उलटंसुलटं करून त्याला नावं ठेवत होती. मी तिला मराठीत सुनावत होते, तिच्या सासूला तेलुगूत पटवत होते, आणि त्याच वेळी पलीकडे बसलेल्या मामीला कोलामीत सांगत होते की या दोघी घेणार बघ, नुसता आव आणतायत. मामी हसून हसून बेजार झाली होती. त्या दोघी सुपं घेऊन गेल्या तेव्हा मला समोर मफलर दिसला. इतक्या उन्हात मफलर घालणारा माणूस दुसरा कोण असणार. भाऊ केव्हापासून उभे होते कुणास ठाऊक. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिलं नव्हतं असं काहीतरी होतं. ते घाबरल्यासारखे दिसत होते.

"एवढा आवाज तू यवतमाळले येताना कुठं ठेवून येत होती?" ते म्हणाले.

"मी नाई ठेवला, भाऊ," मी म्हटलं. "तुमी कपाटामागं ठेवला."

आईनं मला कोलामीत विचारलं, हा कोण? मी सांगितलं. आईनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुन्हा विचारलं. भाऊ म्हणाले, "काय म्हणून राह्यल्या माय?" गोड करून सांगायचा माझा स्वभाव नाही. "पोरीले पुठ्ठ्यात ठेवणारा तो हाच काय, असं विचारून राह्यली," मी म्हटलं. पिशवी खाली ठेवून भाऊ आमच्या पोत्यावर बसले आणि एक सूप हातात घेऊन त्याची वीण बघत राहिले. आईनं त्यांना पाणी दिलं, भाकर आणि आंबाडीची भाजी दिली. त्यांनी मान खाली घालून खाल्लं.

"माह्या प्रबंधात तू आहे," ते नंतर म्हणाले. "नाव नाई टाकलं. पण एक पोरगी आहे, कोणाशी बोलत नाई, आन तिले शांत जागा देल्ली का ते खुलते, असं लिवून ठेवलं मी."

"खुलली का?"

"नाई." त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं. "मी तुले विचारलंच नाई. मले वाटलं, स्वभाव आहे."

मी त्यांना पहिल्या दिवसाचं सांगितलं. दारात हसले होते, म्हणून गप्प झाले. कोण हसलं ते सांगितलं नाही. त्यांनीही खोदून विचारलं नाही. फक्त "म्हंजे मी वरतून चपला पाहून राह्यलो होतो तवा," एवढं म्हणाले, आणि मफलरनं तोंड पुसलं. मग परत चल म्हणाले, परीक्षेला अजून वेळ आहे. मी म्हटलं, बोलले तर पुन्हा हसतील. मला वाटलं होतं, ते म्हणतील की कोण हसते तेच पाहतो. ते तसं म्हणाले नाहीत.

"हसतीन," ते म्हणाले. "आठ-पंधरा दिवस हसतीन. मंग त्यायच्या कानाले सवय होईन. त्याच्या पुढची गॅरंटी मले नाई देता येत."

आईला मराठी हवी तेव्हाच समजते. त्या वेळी समजली. तिनं टोपल्या एकात एक रचता रचता मराठीतच विचारलं, "परीक्षा द्याले किती दिवस लागते?" भाऊंनी सांगितलं. "देऊन ये," ती मला म्हणाली. "मंग बोल का गप बस, तुही मर्जी." तिच्यापुढे आमच्या घरात कुणाचं काही चालत नाही. मी दुसऱ्या दिवशी भाऊंबरोबर यवतमाळला आले.

पुठ्ठा त्यांनी स्वतःच्या हातानं काढला. मला मधल्या टेबलाच्या बरोबर मध्ये बसवलं, आणि संध्याकाळी विहाराच्या गच्चीवर एक नवी पद्धत सुरू केली. ज्याला बोलून अभ्यास करायचा आहे त्यानं तिथे यायचं आणि दुसऱ्याला शिकवायचं. पहिल्या दिवशी मी एकटीच बोलत होते आणि समोर फक्त भाऊ होते. बुरशींचं पुनरुत्पादन त्यांना काही केल्या कळेना, आणि ते आईसारखेच मधे मधे भलते प्रश्न विचारत. लोक हसले, भाऊ म्हणाले होते तसेच. मग हसायचे कमी झाले. मग कळंबची मुलगी भिंतीकडची जागा सोडून वर आली आणि म्हणाली की तिला त्या भिंतीचा वीट आला आहे, दोन वर्षं सांगायचं धाडस झालं नव्हतं. झोपाळू गडी बोलायला लागला की अजिबात झोपत नाही, हाही शोध तिथेच लागला. प्रत्येक नव्या शोधाबरोबर भाऊंचा चेहरा थोडा उतरत असे, आणि तरी ते पुढच्याला विचारत असत, "तुले काय वाटते? तुले कुठं बसावं वाटते?" चपला बघायचं त्यांनी सोडलं. त्या खिडकीत ते मला पुन्हा उभे दिसले नाहीत.

त्यांचा प्रबंध तेव्हा जवळजवळ तयार होता. तो तसाच दिला असता तर त्या वर्षी ते डॉक्टर झाले असते, आणि आत एक शांत मुलगी आहे ती खोटी आहे, हे कुणालाही कळलं नसतं. मार्गदर्शकांनीही त्यांना तसाच द्या म्हणून सांगितलं म्हणे. भाऊंनी तो नव्यानं लिहायला घेतला. एकेका विद्यार्थ्याकडे पुन्हा गेले, आणि या वेळी त्याला कुणाशेजारी बसायला आवडतं, घरी कोणती भाषा बोलतात, पहिल्या दिवशी काय झालं होतं, असं विचारत बसले. वर्षं गेली. जाडजूड प्रबंध निम्म्यावर आला. "बाकीचं मले माहीत नाई, म्हणून काढून टाकलं," असं ते मला फोनवर म्हणाले होते. आता ते डॉक्टर आहेत, पण गडचिरोलीकडे कुठल्याशा कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात, आणि त्यांच्याबरोबर निघालेले लोक कुठल्या कुठे पोचले. अभ्यासिका अजून आहे. जागा आता जो आधी येईल त्याला मिळतात. मी कळंबला एका शाळेत शिकवते, पोडावरच्या मुलींपैकी एक यंदा यवतमाळात बी.एस्सी.ला आहे, आणि तिच्यासाठी मी त्या गच्चीवर जाऊन आले तर तिथे कुणीतरी कपडे वाळत घातले होते. मला बराच वेळ खाली उतरवेना.

माझ्या शेवटच्या सत्राची तोंडी परीक्षा होती तो दिवस मात्र मला अगदी लख्ख आठवतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला, आणि माझा आवाज वाक्याच्या शेवटी नेहमीसारखा वर चढला. मी तो चढू दिला. मग मी थांबलेच नाही. त्यांनीच शेवटी हात वर करून पुरे म्हटलं, आणि ते हसत होते, पण ते हसणं वेगळं होतं. मी धावत फाटकाबाहेर आले. भाऊ उन्हात उभे होते, खांद्याला पिशवी. काय झालं ते मी त्यांना सांगायला लागले, पहिल्यापासून, कुणी काय विचारलं, मी काय म्हटलं, कुठे अडले, कशी सुटले. येणारेजाणारे वळून बघत होते. भाऊ मान हलवत होते, नजर माझ्या तोंडावरून न काढता. पुष्कळ वेळानं मी दम घ्यायला थांबले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मघापासून मी सगळं कोलामीत बोलते आहे आणि त्यातलं एक अक्षरही त्यांना समजलेलं नाही.

"थांबली काहून?" भाऊ म्हणाले. "सांग ना."